असेंच दुसरें कांहीं

एखादी वस्तु मनापासून आवडली म्हणजे मनुष्य दोन गोष्टी करितो. ती दुसऱ्यास दाखविल्यावांचून त्यास चैन पडत नाहीं, ही एक. आणि ती संपतांच 'असेंच दुसरें कांहीं आहे काय?' असें तो चारचौघांस विचारूं लागतो, ही दुसरी. पहिलीचा विचार आपल्या साहित्यशास्त्रांत रस व सहृदय यांच्या निमित्तानें पुष्कळ झाला आहे. दुसरी मात्र इतकी साधी व घरगुती दिसते कीं, तींत विचार करण्यासारखें कांहीं असेल अशी शंकाहि आम्हांस गेल्या दिवाळीपर्यंत आली नव्हती. वस्तुतः ज्या प्रसंगानें ती यावयास हवी होती, तो प्रसंग त्यापूर्वीं आठ-नऊ वर्षें आमच्याच हातून घडून गेला होता. त्याविषयीं पुढें सांगूं.

दिवाळीच्या सुटींत आमचा भाचा चार दिवस आमच्या घरीं आला होता. तो अभियांत्रिकीच्या वसतिगृहांत राहतो. त्याला व आमच्या कन्येला जपानी चित्रमालिकांचा मोठा नाद आहे. या मालिकांना 'ॲनिमे' म्हणतात. ज्या वाचकांस हा शब्द परका वाटेल त्यांनीं एवढें आठवावें कीं, १९९३ सालीं रविवारीं सकाळीं दूरदर्शनवर जी 'जंगल बुक' मालिका लागे आणि जिच्यापुढें घरेंच्या घरें चहाचे पेले हातांत घेऊन बसत, ती जपानांतील निप्पॉन ॲनिमेशन या संस्थेनें १९८९ सालीं तयार केलेली होती. हिंदींत शेरखानाला नाना पाटेकर यांनीं आवाज दिला होता, त्यामुळें तो वाघ आपल्याच सह्याद्रींतला आहे असें आम्हां सर्वांस वाटे; जपानचें नांव कोणाच्या डोक्यांतहि नव्हतें. तेव्हां 'असेंच दुसरें' मागण्याची सोयच नव्हती. भाग संपला कीं सात दिवस वाट पाहावयाची. आज शेंकडों मालिका बोटाच्या अंतरावर आहेत, आणि म्हणूनच निवडीचें संकट उत्पन्न झालें आहे. मागणारे वाढले तसे सांगणारेहि वाढले.

भाच्याच्या एका सोबत्यानें 'डेथ नोट' ही मालिका नुकतीच पाहून संपविली होती आणि 'असेंच दुसरें सांग' म्हणून त्याचा निरोप आला होता. यावरून आतेभाऊ व मामेबहीण यांच्यांत जो वाद जुंपला तो रात्रीं जेवणें झाल्यावर सुरू होऊन बारा वाजून गेले तरी संपेना. आम्ही वर्तमानपत्र तोंडापुढें धरून ऐकत होतों. तीस वर्षें महाविद्यालयांत तर्कशास्त्र शिकविणाऱ्याच्या घरीं त्याचा विषय असा आपल्या पायांनीं चालत येणें हा योग क्वचितच येतो.

'डेथ नोट' ही २००६–०७ मधील सदतीस भागांची मालिका. यागामी लाइट नांवाच्या एका अतिशय हुशार विद्यार्थ्यास एक वही सांपडते. तींत ज्याचें नांव लिहावें तो मरतो. गुन्हेगारांना नाहींसें करून जग शुद्ध करण्याचा विडा तो उचलतो आणि पाहतां पाहतां स्वतःच खुनी होऊन बसतो. भाच्याचें म्हणणें असें कीं, याच्यासारखी मालिका म्हणजे 'कोड गीअस'. तींत दुसरें मत संभवतच नाहीं. तीहि २००६ च्या ऑक्टोबरांतच सुरू झाली. तिचाहि नायक हुशार विद्यार्थी. त्यालाहि एक अलौकिक शक्ति मिळते: तो ज्याच्या डोळ्यांत पाहून आज्ञा करील, त्यानें ती पाळलीच पाहिजे. तोहि दिवसा शाळेंत जातो आणि मुखवट्याआडून राज्य उलथविण्याचे बेत करतो. डावपेंच, प्रतिडाव, दुहेरी आयुष्य, सर्व कांहीं जसेंच्या तसें. भाचा एकेक गुण बोटावर मोजून दाखवीत होता, आणि दोन्ही हातांचीं बोटें संपलीं तरी त्याचे गुण संपले नव्हते.

कन्या म्हणाली, "सगळं मोजलंस, पण मुद्दा राहिला. त्याला 'मॉन्स्टर' पाहायला सांग."

'मॉन्स्टर' ही २००४–०५ मधील चौऱ्याहत्तर भागांची मालिका. जर्मनींतील एका रुग्णालयांत तेन्मा नांवाचा जपानी शस्त्रवैद्य असतो. नगराध्यक्षावर शस्त्रक्रिया करण्याची वरिष्ठांची आज्ञा मोडून, आधीं आणलेल्या एका अनाथ मुलाचा प्राण तो वाचवितो. आणि कांहीं वर्षांनीं त्याला कळतें कीं, आपण वाचविलेला तो मुलगा थंड डोक्याचा खुनी झाला आहे. तेव्हां आपण दिलेला प्राण आपणच परत घ्यावा काय, हा प्रश्न घेऊन तो वैद्य देशभर त्याच्या मागें हिंडतो. येथें वही नाहीं, मंत्र नाहीं, शाळा नाहीं, आणि चतुराईची झटापट तर जवळ जवळ नाहींच. गति मंद, पुष्कळसे भाग वाटेंत भेटलेल्या साध्या माणसांच्या कथांत जातात. भाचा हंसून म्हणाला, "यांत सारखं काय आहे? दोन्ही एकाच कंपनीनं काढल्यात, एवढंच!" तें खरें आहे, दोन्ही मॅडहाउस या संस्थेच्या आहेत. पण कन्येचें उत्तर आमच्या मनांत राहिलें. ती म्हणाली, "दोन्हींत एकच विचारलंय. एखाद्याला मारलं तर जगाचं भलं होईल असं तुला नक्की माहीत असलं, तर तूं मारशील का? एक मुलगा 'हो' म्हणून सुरुवात करतो, आणि एक डॉक्टर शेवटपर्यंत 'हो' म्हणूं शकत नाही."

आतां या दोघांत खरें कोणाचें? आमच्या नव्य नैयायिकांनीं सादृश्याची व्याख्या केली आहे. तिचा आशय असा कीं, एक वस्तु दुसरीहून भिन्न असून दुसरीचे पुष्कळसे धर्म जर तिच्यांत असतील तर ती तिच्यासारखी म्हणावी. भाचा संस्कृत जाणत नाहीं, परंतु तो पक्का नैयायिक आहे. 'पुष्कळसे' या शब्दावर त्याची सारी भिस्त. अडचण अशी कीं, धर्म मोजावयाचे कसे? अमेरिकन तत्त्वज्ञ नेल्सन गुडमन यांनीं १९७२ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका निबंधांत असें दाखविलें आहे कीं, नुसते समान धर्म मोजीत बसलें तर जगांतील कोणत्याहि दोन वस्तू इतर कोणत्याहि दोन वस्तूंइतक्याच सारख्या ठरतील. समान धर्मांची यादी हवी तेवढी लांबवितां येते. 'मॉन्स्टर' व 'डेथ नोट' यांच्यांतील साम्यें आम्हीहि तासभर मोजीत बसूं शकतों: दोहोंत पोलीस आहेत, पाऊस पडतो, दोन्ही बाजूंस कोणीतरी रात्रीं जागतें. तेव्हां मोजणें येथें फुकट जातें, तोलावें लागतें. आणि तोलावयास तराजू लागतो. तो दोन मालिकांपैकीं कोणतीच आपल्याबरोबर आणीत नाहीं.

प्राभाकर मीमांसकांनीं तर सादृश्य हा एक स्वतंत्र पदार्थच मानिला आहे. तें इतर गुणांच्या बेरजेंतून निघत नाहीं, असें त्यांचें मत. विद्यार्थिदशेंत हें मत आम्हांस अकारण पसारा वाढविणारें वाटे. आतां वाटतें कीं, त्यांस निदान दुखणें तरी बरोबर कळलें होतें.

गुणांची बेरीज किती फसवी असते याचा जणूं प्रयोगच 'फुलमेटल अल्केमिस्ट' या मालिकेच्या बाबतींत घडून आला आहे. ही कथा दोनदां चित्रित झाली: २००३ सालीं एक्कावन्न भागांत, आणि २००९ सालीं चौसष्ट भागांत. नांव तेंच, दोघे भाऊ तेच, मेलेल्या आईस परत आणण्याचा त्यांचा अघोर प्रयत्न व त्याची शिक्षाहि तीच. पहिल्या वेळीं मूळ चित्रकथा पूर्ण झालेली नव्हती, म्हणून मालिकेनें अर्ध्यावरून स्वतःची वाट धरिली. दुसरी मूळ कथेच्या मागें शेवटपर्यंत गेली. यांहून अधिक समान धर्म असलेल्या दोन कृति मिळणें कठीण. तरी पहिली ज्याच्या काळजाला लागली त्याला दुसरी निकोप पण परकी वाटते, आणि दुसरीचे भक्त पहिलीस उदास म्हणून बाजूस सारतात, असें कन्या सांगते. आम्हीं दोन्ही पाहिल्या. आमचें मत पहिलीच्या बाजूचें आहे. परंतु तें येथें अप्रस्तुत.

सादृश्याचा विषय निघाला म्हणजे आमच्या वर्गांत दरवर्षीं गवय येतो. नगरांत राहणाऱ्या मनुष्यास अरण्यांत फिरणारा सांगतो कीं, गवय नांवाचा पशु गाईसारखा असतो. पुढें तो नागरिक रानांत जातो, तसा प्राणी पाहतो, आणि 'हाच तो गवय' असें ओळखतो. यास उपमान-प्रमाण म्हणतात. न्यायसूत्रकार गौतमानें तें स्वतंत्र प्रमाण मानिलें. तीस वर्षें हें उदाहरण शिकवून एक गोष्ट आमच्या ध्यानांत आली नव्हती, ती या मुलांच्या भांडणानें आली. येथें सादृश्याचें काम ओळख पटविण्यापुरतें आहे. परंतु समजा, तो नागरिक रानांत कुतूहलानें गेलेला नसून त्याची घरची गाय मेली आहे, आणि तो अरण्यवासी मनुष्यास विचारीत आहे कीं, 'तशीच दुसरी कोठें मिळेल काय?' त्याला 'गवय गाईसारखा असतो' हें सांगणें खरें असूनहि केवढी थट्टा होईल! तीं शिंगें, तें शेपूट, ते खूर, सर्व जागच्या जागीं आहे. पण तो धार काढूं देईल काय? घरांतल्या पोरांनीं मान खाजविली तर डोळे मिटून उभा राहील काय?

मालिका संपविलेला मनुष्य, आमच्या मतें, बहुधा गाय मेलेला मनुष्य असतो. गेले कित्येक दिवस रोज रात्रीं तो कोठेंतरी जात होता, तेथील माणसें त्याच्या परिचयाचीं झालीं होतीं, आणि एका रात्रीं तें घर एकाएकीं बंद झालें. 'असेंच दुसरें' म्हणतांना तें पाहत असतां स्वतः जसा होता तसें पुन्हा होणें, हें तो बरेच वेळां मागत असतो. हें त्याला स्वतःलाहि नीट सांगतां येत नाहीं. म्हणून तो विषयाचें, प्रकाराचें, नायकाचें नांव घेतो, आणि आपण तें नांव खरें धरून यादी काढावयास बसतों.

आमच्या लहानपणीं गांवांतल्या सार्वजनिक वाचनालयांत एक वृद्ध कारकून होते. आम्हीं हरिभाऊंचें 'उषःकाल' परत केलें आणि तसेंच दुसरें मागितलें. शिवकाल, किल्ले, तरवारी, भुयारें एवढेंच आमच्या डोक्यांत. त्यांनीं चष्म्यावरून एकदां पाहिलें आणि 'पण लक्षांत कोण घेतो!' हातांत ठेविलें. आम्ही घरीं येईपर्यंत संतापलों होतों; बालविधवेची कथा घेऊन चौदा वर्षांच्या मुलानें करावयाचें काय? तिसऱ्या दिवशीं तें पुस्तक आम्हीं माळ्यावर बसून संपविलें, कारण खालीं सर्वांच्या देखत रडण्याची लाज वाटत होती. त्या गृहस्थांस आमच्यांत काय दिसलें असेल कोण जाणे. ते चुकलेहि असते. पण त्यांनीं पुस्तकापेक्षां आमच्याकडे अधिक वेळ पाहिलें होतें, एवढें आठवतें.

आतां तो प्रसंग सांगतों. आमच्या एका सहाध्यापकांच्या पत्नी कठीण दुखण्यानें रुग्णालयांत होत्या. त्यांचीं दोन मुलें, नऊ वर्षांची मुलगी व पांच वर्षांचा मुलगा, तीन आठवडे आमच्याकडे राहिलीं. मुलगी शहाणी होती; इतकी कीं, तें पाहून आम्हांस वाईट वाटे. धाकट्याची वेणीफणी, आंघोळ, अभ्यास सर्व ती पाही, आणि आईविषयीं एक अक्षर विचारीत नसे. एके दिवशीं कन्येनें त्यांस 'माय नेबर टोटोरो' हा हायाओ मियाझाकी यांचा चित्रपट दाखविला. मालिका नव्हे, दीड तासाचाच चित्रपट. त्यांत दोन बहिणी आहेत, त्यांची आई रुग्णालयांत आहे, आणि वडील विद्यापीठांत शिकवितात. घर बदलून तीं सर्व खेड्यांत राहावयास आलीं आहेत. रानांत त्यांस एक अजस्र, केसाळ, झोंपाळू प्राणी भेटतो. आईची घरीं येण्याची तारीख पुढें ढकलली जाते तेव्हां धाकटी एक मक्याचें कणीस घेऊन एकटीच रुग्णालयाकडे निघते आणि वाट चुकते. शेवटीं ती सांपडते, आणि आईला कणीस पोंचतें. त्या मुलीनें हा चित्रपट तीन दिवसांत तीनदां पाहिला. चौथ्या दिवशीं ती आमच्या खोलीच्या दाराशीं उभी राहून म्हणाली, "काका, असंच दुसरं आहे का हो?"

तीन आठवड्यांत तिनें स्वतःसाठीं आमच्यापाशीं मागितलेली ही पहिली वस्तु. कन्या त्या दिवशीं आजोळीं गेलेली. आम्हीं मोठ्या उत्साहानें शोध केला आणि मिळालेल्या उत्तरानें आमचें तार्किक मन अगदीं प्रसन्न झालें. तीच चित्रसंस्था, घिबली. तेंच साल, १९८८. साल कसलें, १६ एप्रिल हा दिवसहि तोच. यांतहि दोन भावंडें, थोरलें धाकट्यास संभाळणारें. यांतहि आई जवळ नाहीं. यांतहि तळें, शेतें, उन्हाळा, काजवे. समान धर्म इतके कीं, नव्य नैयायिकानें टाळी द्यावी. चित्रपटाचें नांव 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज', दिग्दर्शक इसाओ ताकाहाता. आम्हीं तो पाहिला नव्हता. नांवांतील पहिल्या शब्दानें तरी आम्हांस थांबवावयास हवें होतें. पण मुलांच्या चित्रपटांस कांहीं तरी गूढ नांव असावयाचेंच, असें वाटून आम्हीं तो लावून दिला आणि उत्तरपत्रिका तपासावयास शेजारच्या खोलींत जाऊन बसलों.

ज्यांनीं तो पाहिला आहे त्यांस पुढें सांगावयास नको. इतरांसाठीं एवढेंच: अकियुकी नोसाका यांच्या १९६७ मधील कथेवर तो आधारलेला आहे, आणि त्या लेखकाची स्वतःची धाकटी बहीण १९४५ सालीं उपासमारीनें गेली होती. कथा कोबे शहरावरील बॉम्बवर्षावाची. थोरला भाऊ पहिल्याच दृश्यांत रेल्वेस्थानकाच्या खांबाला टेंकून मरतो. मागील वृत्तांत त्यानंतर येतो. आईस भाजल्यामुळें डोक्यापासून पट्ट्यांत गुंडाळून ठेविलें आहे, आणि मुलगा तिच्याकडे पाहत उभा आहे, या ठिकाणापर्यंत आमच्या घरीं चित्रपट चालला. मग खोलींत फार शांतता आहे असें आमच्या कानांस जाणवलें. आम्ही गेलों तेव्हां मुलीनें तो स्वतःच बंद केला होता. ती रडत नव्हती. धाकट्याचे डोळे तिनें आपल्या हातानें झांकून धरिले होते, आणि तो 'सोड, सोड' म्हणून ओरडत होता. ती म्हणाली, "काका, मला आईशी फोनवर बोलायचंय. आत्ता." रात्रीचे साडेआठ झाले होते, तिकडे फोन लागेपर्यंत वीस मिनिटें गेलीं. तीं वीस मिनिटें ती फोनाकडे पाहत बसली होती.

बाई पुढें बऱ्या झाल्या. ती मुलगी आतां मोठी आहे, भेटली म्हणजे नमस्कार करिते, हंसून बोलते. परंतु त्या दिवसानंतर तिनें आम्हांस 'असेंच दुसरें' कधींहि विचारलें नाहीं.

या प्रकारांत विचित्र गोष्ट ही कीं, आम्हीं जें केलें तेंच जपानांत चित्रगृहवाल्यांनींहि केलें होतें. १९८८ सालीं हे दोन चित्रपट एकाच तिकिटावर, एकामागून एक, दाखविले जात. म्हणजे सादृश्य आम्हीं कल्पिलें असें नव्हे. तें होतेंच, आणि वरवरचेंहि नव्हतें. पुढें आम्हीं तो दुसरा चित्रपट एकट्यानें शेवटपर्यंत पाहिला, आणि आमची खात्री झाली कीं, हीं एकाच प्रश्नाचीं दोन उत्तरें आहेत. आई नसतांना दोन पोरें काय करितात? एका घराभोंवतीं शेजारीण आजी आहे, शाळा आहे, वडील आहेत, शोधावयास निघणारा सारा गांव आहे. दुसऱ्याभोंवतींचें हें सर्व युद्धानें एकेक करून काढून घेतलें आहे. पहिलें पाहिल्यावांचून दुसऱ्याचें दुःख पुरतें कळत नाहीं, असेंहि आम्ही म्हणूं. एखाद्या प्रौढ, सुखवस्तु, निश्चिंत मनुष्यास टोटोरोनंतर आम्ही हाच चित्रपट सांगूं. आणि ती उत्तम शिफारस होईल. त्या मुलीस तीच शिफारस क्रूर होती. दोन्ही चित्रपट तेच, त्यांतील साम्यहि तेंच. तेव्हां 'हें त्याच्यासारखें आहे' हें वाक्य तर्कशास्त्रांत दोन पदांचें असो. शिफारशींत त्यास तिसरें पद लागतें, 'कोणासाठीं'. आम्हीं तें पद गाळलें होतें. तें दाराशीं उभें होतें, त्याचें वय नऊ होतें, आणि आम्हीं त्याच्याकडे न पाहतां पडद्याकडे पाहिलें.

आतां कोणी म्हणेल कीं, तिसरें पद विचारांत घेण्याचें काम हल्लीं यंत्रें करितात. हें अंशतः खरें आहे. ज्यांना हें आवडलें त्यांना तेंहि आवडलें, अशा लक्षावधि नोंदी जुळवून तीं पुढची मालिका सुचवितात. नेटफ्लिक्स या कंपनीनें २००६ सालीं जाहीर केलें होतें कीं, प्रेक्षक कोणत्या चित्रपटास किती गुण देईल याचें आपलें भाकित जो दहा टक्क्यांनीं सुधारील त्यास दहा लक्ष डॉलर देऊं. आणि २००९ सालीं तें बक्षीस एका मंडळीनें जिंकलेंहि. बुद्धीचें तें काम थोर होतें यांत शंका नाहीं. पण काय जिंकलें तें पाहावें: प्रेक्षक किती गुण देईल हें. 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज'ला कोणीहि भरपूरच गुण देईल. कदाचित् ती मुलगीहि आज देईल. भाकित खरें ठरेल आणि सल्ला चुकीचाच राहील. शिवाय यंत्र चुकलें म्हणजे दुसऱ्या दिवशीं दुसरें कांहीं सुचवितें. त्याला फोन लागेपर्यंतचीं वीस मिनिटें शेजारीं बसावें लागत नाहीं.

हें सर्व आम्हीं मुलांस त्या दिवाळीच्या रात्रीं सांगितलें. कन्येस तो प्रसंग अर्धवट माहीत होता. भाचा थोडा वेळ गप्प राहून म्हणाला, "पण मामा, मग कुणाला काय सोसवेल हें तुम्ही ठरवणार? ही तर सेन्सॉरशिप झाली. मला जर कुणी जपून जपून गोड तेवढंच सांगितलं असतं, तर मी यांतलं निम्मं पाहिलंच नसतं." या आक्षेपास आमच्यापाशीं पूर्ण उत्तर नाहीं, हें प्रांजलपणें कबूल करितों. वाचनालयांतल्या त्या वृद्धांनीं आम्हांस जपलें नव्हतें. उलट एका दुःखाच्या तोंडीं दिलें होतें, आणि त्याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहों. शिफारस करणारा भित्रा झाला तर त्याच्या हातून कोणाचें वाईट होणार नाहीं हें खरें, पण कोणाला कांहीं मिळणारहि नाहीं.

हा पेंच किती अवघड होऊं शकतो तें कन्येनें सांगितलेल्या दुसऱ्या एका मालिकेवरून दिसतें. 'मादोका माजिका' ही २०११ मधील बारा भागांची मालिका. तिचें रूप 'कार्डकॅप्टर साकुरा'सारख्या, जादूची कांडी मिळालेल्या मुलींच्या लाडक्या मालिकांचें: गुलाबी केस, रिबिनी, मांडीवर बसणारा एक गोजिरवाणा प्राणी. आंत मात्र निराळेंच आहे, आणि तें निराळेंपण प्रेक्षकास आधीं कळूं नये यावरच कर्त्यांची सारी मांडणी उभी आहे. आतां ही मालिका दुसऱ्यास सांगावी कशी? 'साकुरासारखी आहे' म्हणावें तर ती शुद्ध फसवणूक. 'तशी दिसते, पण तशी नाहीं' म्हणावें तर कर्त्यांच्या साऱ्या श्रमावर पाणी पडलें. खरें बोलावें तर कलेचा घात, न बोलावें तर माणसाचा. आमच्या नीतिशास्त्राच्या पुस्तकांत सत्य व अहिंसा यांच्या विरोधाचीं जीं उदाहरणें येतात त्यांत चोर, ब्राह्मण व खुनी यांची गर्दी असते. या गुलाबी केसांच्या मुलीस तेथें जागा द्यावयास हरकत नाहीं.

कन्येनें आपल्या एका मैत्रिणीस ती मालिका सांगितली होती. कशी सांगितलीस, असें आम्हीं विचारलें. ती म्हणाली, "आधी तिला विचारलं, सध्या घरी सगळं ठीक आहे ना, परीक्षा वगैरे झाल्या ना. मग म्हटलं, पहिले तीन भाग पाहा, बाकी कांही विचारूं नकोस. तिसरा भाग रात्री एकटीनं पाहूं नकोस, आणि तो संपला की मला फोन कर, कितीही वाजले तरी." मैत्रिणीचा फोन आला तेव्हां पहांटेचे दोन वाजले होते, म्हणजे सूचनेपैकीं अर्धी तिनें मोडलीच होती, आणि मग त्या दोघी उजाडेपर्यंत बोलत होत्या. त्या सकाळीं कन्या उशिरां उठली म्हणून आम्हीं तिला बोललों होतों. कारण तिनें सांगितलें नव्हतें, आणि आम्हीं विचारलें नव्हतें.

तिसऱ्या भागांत काय होतें तें आम्हीहि येथें सांगणार नाहीं.

बारा वाजून गेल्यावर भाच्यास शेवटीं एक साधी गोष्ट सुचली, जी दोन तास कोणासच सुचली नव्हती. त्यानें आपल्या सोबत्यास फोन लावला आणि विचारलें कीं, 'डेथ नोट'मध्यें तुला आवडलें काय? आम्हीं तिघांनींहि आपापलीं उत्तरें मनांत धरिलीं होतीं: डावपेंच, वही, न्यायाचा प्रश्न. सोबती वसतिगृहांत जागाच होता. तो म्हणाला कीं, मधें एक तुकडा आहे, त्यांत लाइट वही सोडून देतो, त्याची स्मृति जाते, आपण खुनी आहों हें तो पार विसरतो आणि त्या खुन्यालाच पकडावयास मनापासून मदत करूं लागतो. "तेवढे भाग मी परत परत पाहतो रे. किती चांगला मुलगा होता तो! ती वही सांपडली नसती तर असाच राहिला असता. तसलं कांही तरी सांग."

भाच्यानें 'कोड गीअस'चें नांव काढलें नाहीं. त्यानें फोन कन्येच्या हातांत दिला. ती बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. पलीकडून 'हॅलो, हॅलो' ऐकूं येत होतें. मग ती म्हणाली, "थांब. मला जरा विचार करूं दे. उद्यां सांगतें."